भिंतीवरील अहिल्याबाई



नांदेड-लातूरकडील जुन्या वाड्यांच्या बैठकीत देवादिकांच्या तसबिरींशेजारी कधी कधी एका मानवी स्त्रीची तसबीर दिसते. डोक्यावरून पदर, अंगावर शुभ्र वस्त्र, तळहातावर शिवलिंग. ती कोणाची, हे सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच की, ही मुद्रा खरी मानावी काय?

त्याच काळी विलायतेत थोर घराण्यांतील स्त्रियांची चित्रे छापून विकली जात. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना हिचे चित्र सर जोशुआ रेनल्ड्स याने रंगविले आणि व्हॅलेंटाइन ग्रीन याने ते १७८० मध्ये तांब्याच्या पत्र्यावर उतरविले. सारा पत्रा दातेरी हत्याराने खरबरीत करावयाचा व जेथे उजेड हवा तेथे घासून गुळगुळीत करावयाचा. खरबरीत भाग शाई धरतो, गुळगुळीत भाग कागद पांढरा ठेवतो. डचेस हयात असतानाच तिचे रूप असे बाजारात आले.

अहिल्याबाईंचे तसे नव्हे. त्या १७९५ साली निवर्तल्या. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली, रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली. रंगीत शिलाछाप तसबिरी घरोघर गेल्या त्या ह्या काळात. व्यक्ती आणि तसबीर ह्यांत जवळजवळ एका शतकाचे अंतर पडले.

मग साक्ष कोणाची घ्यावी? सर जॉन माल्कम ह्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात बाईंचे वर्णन आहे. मध्यम उंची, कृश अंग, सावळा वर्ण. वैधव्यानंतर केवळ पांढरे वस्त्र आणि लहानशा कंठीखेरीज दागिना नाही. तेथेच एक आख्यायिकाही आहे. राघोबादादांच्या रूपवती पत्नी आनंदीबाई ह्यांनी बाईंचे रूप पाहण्यास दासी धाडली. ती परतून म्हणाली, नाकडोळे सुंदर नाहीत, परंतु मुखावर दिव्य तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातून एवढेच घेतले की, बाई सुंदर नाहीत!

आता पुन्हा तसबिरीकडे पाहा. शुभ्र वस्त्र माल्कमच्या वर्णनाशी जुळते. परंतु पुष्कळ छापांत बाई गोऱ्यापान व भरल्या चेहऱ्याच्या दिसतात. छापखानेवाल्यांनी नकळत आनंदीबाईंचीच कसोटी मान्य केली; थोरवीला गोऱ्या रूपाची जोड हवी, असे त्यांस वाटले.

बाईंना मात्र अशा सजावटीची हौस नव्हती. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो नर्मदेत टाकविला, असे माल्कमच सांगतो.

म्हणून तसबीर भिंतीवरून उतरवू नये. तीत आपल्या पूर्वजांचा आदर आहे. परंतु खऱ्या अहिल्याबाई पाहावयाच्या तर नांदेडकरांनी औंढ्यास आणि लातूरकरांनी परळीस जावे. ही दोन्ही ज्योतिर्लिंगे म्हणून पूजिली जाणारी स्थाने होळकरांच्या राज्याबाहेरची. तरीही तेथील मंदिरांचा जीर्णोद्धार बाईंनी केला.