नासलेल्या पाण्यातले राक्षस



राक्षसाचा सिनेमा म्हटलं की तो लेकरांनी बघायचा, असं आपण धरूनच चालतो. समुद्रातून एक अजस्र धूड निघतं, शेपटीच्या फटक्यानं इमारती पाडतं, माणसं सैरावैरा पळतात, तोफा धडाडतात. आज मी अशाच एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. जपानमध्ये त्याचं नाव 'गोजिरा'. बाकीचं जग त्याला 'गॉडझिला' म्हणून ओळखतं. पण हा सिनेमा काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लेकरं नव्हती. होते ते बाजारात कुणी हात लावेना असे मासे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट निघाला. धोक्याच्या हद्दीबाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची एक जपानी बोट मासेमारी करत होती. तिच्यावर पांढरी राख पडत राहिली. बोटीवरचे तेवीसच्या तेवीस खलाशी आजारी पडले. त्यांनी आणलेल्या मासळीत किरणोत्सर्ग सापडला आणि जपानभर लोकांनी मासळीची धास्ती घेतली. सप्टेंबरात बोटीवरचे बिनतारी संदेशवाहक ऐकिची कुबोयामा वारले.

या स्फोटाचा हादरा आपल्याकडेही पोचला होता. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली.

त्याच दिवसांत तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका अडचणीत होते. इंडोनेशियाबरोबर काढायचा त्यांचा एक सिनेमा ऐनवेळी रद्द झाला होता. परतीच्या विमानातून खालचा समुद्र बघताना त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात: या स्फोटांनी समुद्राच्या तळाशी झोपलेलं एखादं जनावर जागं झालं तर?

दिग्दर्शन आलं इशिरो होंडांकडे. होंडा सैन्यात होते. युद्ध संपल्यावर घरी परतताना त्यांनी बेचिराख झालेलं हिरोशिमा पाहिलं होतं. ट्रिकसीनचं काम एइजी त्सुबुराया यांच्याकडे. युद्धाच्या काळात, १९४२ साली, याच माणसानं पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची दृश्यं छोट्या प्रतिकृती मांडून उभी केली होती. तेव्हा त्यांनी विजय दाखवला होता. आता त्याच कसबानं त्यांना स्वतःचं टोकियो जळताना दाखवायचं होतं.

त्सुबुरायांना 'किंग काँग'सारखी बाहुली वापरायची होती. बाहुली तसूतसूनं हलवायची आणि एकेक चित्र टिपायचं. पण त्याला वर्षं लागली असती आणि हाताशी महिने होते. मग ठरलं की माणसानंच राक्षसाचं सोंग घ्यायचं. ते घेतलं हारुओ नाकाजिमा या तरुण नटानं. पहिला पोशाख शंभर किलोच्या आसपास भरला. त्यात पावलं टाकणंही मुश्कील झालं, म्हणून दुसरा करावा लागला. दिव्यांच्या झोतात, त्या जाड रबराच्या आत, नाकाजिमा घामानं निथळायचे. पायाखाली खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचं टोकियो मांडलेलं होतं. कॅमेरा नेहमीपेक्षा वेगानं फिरवायचा, म्हणजे पडद्यावर चाल संथ दिसते आणि अंगाला वजन येतं.

आणि ती डरकाळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल केली, तिच्यावर राळ लावलेला चामडी हातमोजा घासला आणि तो आवाज संथ करून वापरला.

सिनेमात एक प्रसंग आहे, तो रेडिओवाल्यांच्या काळजाला भिडणारा. उंच मनोऱ्यावर बसलेले वार्ताहर समोर येणाऱ्या राक्षसाचं वर्णन करत राहतात. पळायला वाट नसते. श्रोत्यांचा निरोप घेत घेत ते मनोऱ्यासकट कोसळतात.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी 'गोजिरा' जपानभर लागला. जवळजवळ ९६ लाख तिकिटं खपली. युद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. टोकियोवरच्या बॉम्बवर्षावातून वाचलेली माणसं पडद्यावर पुन्हा आपलंच शहर पेटताना बघत होती.

मग हा लेकरांचा खेळ केव्हा झाला? १९५६ साली अमेरिकी वितरकांनी त्यात रेमंड बर हा आपला नट घुसवला आणि अणुचाचण्यांबद्दलचं बरंचसं बोलणं कापून टाकलं. जपानबाहेर बहुतेकांच्या वाट्याला हाच सिनेमा आला. मुळातली भीती काढून घेतली की मागं उरते ती नुसती मोडतोड. १९६६ साली मुंबईतही समुद्रातल्या राक्षसाचा 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा निघाला होता. बलवंत दवे त्याचे दिग्दर्शक आणि तबस्सुम नायिका. तो सिनेमा आज बघायला मिळत नाही, गाणी मात्र ऐकायला मिळतात.

पण आपल्याकडचा अजस्र जनावराचा सिनेमा याहून कितीतरी जुना आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी नाशिकवरून पुढं आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला येते. त्याच त्र्यंबकेश्वरला १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. कधीकाळी 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोग करणारे फाळके ट्रिकसीनचे जाणकार होते. १९१९ साली नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीसाठी त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. बाळकृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. ती पाण्याखाली कालिया या महासर्पाशी झुंजते आणि त्याच्या फण्यावर उभी राहते. 'गोजिरा'च्या आधी पस्तीस वर्षं, आणि तेही मूकपटात.

या दोन राक्षसांची जातकुळी एकच आहे, असं मला वाटतं. गरुडाच्या धाकानं कालिया आपलं रमणक बेट सोडून यमुनेच्या डोहात आला. त्याच्या विषानं पाणी नासलं, ते पिऊन गाईगुरं आणि गोपाळ पडले. गोजिराही समुद्राच्या तळाशी आपल्या जागी होता. बॉम्बनं त्याला तिथून हुसकलं आणि तो अंगात विष घेऊन वर आला. दोघंही परागंदा, दोघंही नासलेल्या पाण्यातले.

फरक आहे तो शेवटात. कृष्ण कालियाला मारत नाही. त्याला अभय देऊन त्याच्या बेटावर परत पाठवतो आणि डोह निर्मळ होतो. गोजिराला मारण्यासाठी मात्र बॉम्बइतकंच भयंकर दुसरं अस्त्र वापरावं लागतं. ते अस्त्र पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून ते शोधणारा शास्त्रज्ञ सेरिझावा राक्षसाबरोबर स्वतःही समुद्रतळाशीच मरण पत्करतो. तरीही सिनेमातले म्हातारे शास्त्रज्ञ डॉक्टर यामाने बजावतात, की चाचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसरा राक्षस येईल. पुराणातला राक्षस बाहेरून आला होता, म्हणून त्याला परत पाठवता आलं. हा माणसानं जागा केलेला आहे. त्याला परत कुठं पाठवणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'गॉडझिला मायनस वन'नं ही भीती पुन्हा युद्धानंतरच्या जपानमध्ये नेली. अवघ्या पस्तीस जणांच्या चमूनं त्याची ट्रिकसीन केली आणि त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं.

तेव्हा श्रोतेहो, घरातली लेकरं गॉडझिला लावा म्हणाली, तर एकदा १९५४चा मूळ काळापांढरा जपानी सिनेमा लावा आणि त्यांच्याबरोबर स्वतःही बसा. 'कालिया मर्दन'चा उरलेला भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपला आहे. मिळेल तेव्हा तोही बघा. दोन्ही बघून झाले की राक्षस केवढा मोठा होता, हे लेकरं सांगतीलच. तुम्ही त्यांना एवढंच विचारा, पाणी नासवलं कुणी?