विद्यापीठाचें आवार आणि आभाळाचें पाणी

(नभोवाणीवरील भाषण)

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर नांवाचें गांव आहे. येथून एक फांटा परतूरकडे वळतो. भोंवतीं काळी जमीन. कापूस, तूर आणि सोयाबीन हीं तिचीं पिकें. पाऊस वेळेवर आला तर ही भूमि अन्नपूर्णा होते. तो रुसला कीं चैत्रापासूनच विहिरींचे तळ दिसूं लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. अशा मुलुखांतला मुलगा उच्च शिक्षणासाठीं छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जातो. तेथें त्याला पाण्याविषयीं जें दिसेल, तें कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षां अधिक काळ त्याच्या ध्यानांत राहील.

विद्यापीठांनीं निसर्गाचें रक्षण करावें, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. १९९० सालीं फ्रान्समधील तालुआर या गांवीं निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि आपल्या संस्थांचा कारभार निसर्गाशीं सुसंगत राखण्याचा संकल्प त्यांनीं जाहीर केला. परंतु संकल्प सर्वत्र एकच असला, तरी त्याचें आचरण हवापाण्याप्रमाणें बदललें पाहिजे. थंड देशांतल्या विद्यापीठाला खोल्या उबदार ठेवणाऱ्या इंधनाची चिंता. मराठवाड्यांतल्या विद्यापीठाला पाण्याची.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजीं झाली आणि १९९४ सालीं त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव मिळालें. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी सर्वांना खुलें व्हावें म्हणून ज्या पुरुषानें १९२७ सालीं सत्याग्रह केला, त्याचें नांव धारण करणाऱ्या संस्थेला पाण्याचा विचार परका कसा असेल?

या विद्यापीठाचें आवार सुमारें ७०० एकरांचें, डोंगराच्या पायथ्याशीं पसरलेलें आहे. त्याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. या भागांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झालें. सातशें एकरांचे सुमारें २८३ हेक्टर होतात; म्हणजे एका वर्षांत या आवारावर १९८ कोटी लिटर पाणी आभाळांतून उतरतें. त्यांतलें बरेंचसें वाफ होऊन जातें, कांहीं झाडें पितात, कांहीं वाहून जातें. तरीही दहावा हिस्सा जमिनींत मुरला, तर जवळजवळ वीस कोटी लिटर पाणी हातीं लागेल. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर हे वीस हजार टँकर झाले!

उलट, या शहराला नळानें मिळणारें पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयांतून पंपांनीं चढावर आणावें लागतें. म्हणून येथें वांचलेलें पाणी म्हणजे वांचलेली वीजही होय. याच नगरींत सतराव्या शतकांत मलिक अंबरानें डोंगराकडचें पाणी जमिनीखालून नहरींतून, केवळ उताराच्या आधारानें, आणलें होतें. पाणचक्की पाहावयास येणारे पुष्कळ. त्या उताराचें गणित समजून घेणारे थोडे.

हें पाणी मुरवावें कसें? येथला खडक काळा बेसाल्ट. तो स्वतः पाणी पीत नाहीं. वरचा मुरूम आणि अंगांतल्या भेगा यांतच काय तें पाणी राहतें. म्हणून उतारावर समतल चर खणावे, ओढ्यांना लहान बांध घालावे आणि गच्चीवरचें पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यांत सोडावें. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवरून पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें, तरी वर्षाला पांच लाख साठ हजार लिटर पाणी मिळतें. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानें तळीं, विहिरी आणि शेततळीं यांच्या साह्यानें आपली पाण्याची बरीचशी गरज आवारांतच भागविली आहे. कोल्हापूरचा पाऊस अधिक, हें खरें. परंतु जेथें पाऊस कमी, तेथें थेंबाची किंमत अधिक, हेंही तितकेंच खरें.

वसतिगृहांतील स्नानाचें पाणी शुद्ध करून झाडांना द्यावें. उन्हाळ्यांत हिरवळीचे गालिचे जोपासण्यापेक्षां कडुनिंब, करंज, पळस, उंबर लावावे. मुळें खोल गेलीं कीं त्यांना फारसें पाणी लागत नाहीं. गळलेला पाला जाळूं नये. त्याचें खत करावें.

कोणी म्हणेल, विद्यापीठाचें काम विद्यादान. चर खणणें हें मजुरांचें काम. पण ज्या विहिरीची पातळी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी दर पंधरवड्याला मोजतो, जिच्या पाण्याची परीक्षा रसायनशास्त्राचा विद्यार्थी करतो आणि जिच्यामुळें वांचलेला पैसा अर्थशास्त्राचा विद्यार्थी मांडून दाखवितो, ती विहीर प्रयोगशाळा नव्हे तर काय? परीक्षेचा निकाल जसा फलकावर लागतो, तशी विहिरींची पातळीही लागावी. चर खणून चार फोटो काढले आणि पुढच्या वर्षीं गाळ कोणी काढला नाहीं, म्हणजे चर बुजतात. वर्षानुवर्षांची मोजणीच या आळसावर पहारा ठेवील.

असा विद्यार्थी पदवी घेऊन वाटूरला परतेल, तेव्हां त्याच्या हातांत केवळ कागद नसेल. शिवाराचा उतार कसा पाहावा, पाणी कोठें अडवावें, विहिरीवर किती पिकांचा भार टाकावा, हें तो बापाला सांगूं शकेल. आणि बापाजवळचें पिढ्यांचें ज्ञान घेऊन आपला हिशेब दुरुस्तही करील. मराठवाड्याच्या विद्यापीठानें मराठवाड्याला द्यावयाचें दान याहून मोठें कोणतें?