छातीत जळजळते तेव्हा

बाजाराच्या दिवशी माझ्या औषधांच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : "दादा, घशाशी आंबट येतंय, एखादी गोळी द्या." गोळी देणे सोपे असते. पण मी आधी विचारतो, "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?" लोकांना ही चौकशी नकोशी वाटते.

एक गुरुजी असेच रागावले होते. दोन महिने गुडघेदुखीची गोळी उपाशीपोटी घेत होते आणि वर माझ्याकडे पित्ताची मागत होते. शौचाला डांबरासारखे काळे होते, हे खोदून विचारल्यावर सांगितले. मी गोळी दिली नाही, तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. जठरातल्या व्रणातून रक्त जात होते. आपण सगळा दोष मिरचीला देतो. पण असे व्रण बहुधा वेदनाशामक गोळ्यांनी होतात, नाहीतर एका जंतूमुळे. तो जंतू वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी शोधला. त्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल मिळाले.

एरवीची जळजळ मात्र साधी असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथली स्नायूंची झडप सैल पडते आणि आम्ल वर चढते. त्यावर आम्लनाशक गोळी जेवणानंतर चावून खावी. आराम लगेच पडतो, पण थोडाच वेळ टिकतो. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनी दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. ओमेप्रॅझोलची तऱ्हा निराळी. ते आम्ल तयार होणेच कमी करते, म्हणून न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचे, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. खायच्या सोड्याने ढेकर येऊन बरे वाटते खरे, पण रक्तदाब असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

घास अडकतो, वजन उतरते, उलटीत रक्त दिसते, तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा. छाती दाटून घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोडा पीत बसू नका; ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक दवाखाना गाठा.

आणि रात्री जळजळत असेल तर निजण्यापूर्वी तीन तास जेवा. खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवा. नुसत्या उशा वाढवून पोट दुमडते. तंबाखूनेही ती झडप सैल होते. तंबाखूची पुडी माझ्याकडे मिळत नाही, शेजारच्या टपरीवर मिळते!