नवऱ्याच्या नावावरची मुक्ती
(अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



अमेरिकेचं यादवी युद्ध आपण शाळेत एका ओळीत शिकलो : लिंकनने गुलामांना मुक्त केलं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तीही या मुक्तीबद्दलच. पण ती मुक्ती गुलाम बायकांपर्यंत कोणत्या वाटेने पोचली?

थोडक्यात युद्ध सांगते. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही म्हणणारा लिंकन १८६० साली निवडून आला आणि दक्षिणेतली ११ राज्यं फुटून निघाली. सुमारे ४० लाख माणसं तेव्हा गुलामीत होती. एप्रिल १८६१ मध्ये लढाईला तोंड फुटलं. सरकार म्हणत होतं, आम्ही संघराज्य टिकवायला लढतोय. गुलाम मात्र थांबून राहिले नाहीत. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मनरो किल्ल्यावर तिघे पळून आले. जनरल बटलरने त्यांना परत केलं नाही. शत्रूचा माल म्हणून जप्त केलं! सुटले, पण ‘माल’ म्हणून. त्यांच्यामागे बायकामुलांसकट हजारो आले.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकी राज्य फुटलं नव्हतं, म्हणून तिथली गुलामी तशीच राहिली. १८६४ मध्ये तिथले काळे पुरुष सैन्यात जाऊ लागले. भरती झालेला मोकळा. त्याची बायको-मुलं मात्र मालकाचीच. नवरा गेल्याचा राग मालक त्यांच्यावर काढत. मग बायका पोरं घेऊन कॅम्प नेल्सन या छावणीत आल्या, झोपड्या बांधून राहिल्या.

नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, सुमारे ४०० बायका-मुलांना सैन्यानेच हाकललं. झोपड्या पाडल्या. जोसेफ मिलर या सैनिकाची शपथेवरची जबानी आहे. आजारी मुलासकट त्याचं कुटुंब गाडीत कोंबून नेलं. तो रात्री शोधत गेला, तेव्हा सहा मैलांवर ती सापडली. मुलगा मेलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः खड्डा खणून मुलाला पुरलं. हाकललेल्यांपैकी १०२ जण मेले. देशाच्या गणवेशात उभ्या असलेल्या माणसाची ही गत.

बोभाटा झाला आणि ३ मार्च १८६५ ला कायदा आला : काळ्या सैनिकांच्या बायका-मुलं मुक्त. आनंदच आहे. पण ज्या बाईचा नवरा सैन्यात नाही, जी एकटी आहे, तिचं काय? केंटकीत तिला डिसेंबरपर्यंत, तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत, थांबावं लागलं. ज्या गुलामांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता, त्यांच्यातल्या बाईची सुटका आता लग्नावर ठरली! सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हॅरिएट टबमनचं पाहा. स्वतः गुलामीतून पळालेली बाई. जून १८६३ मध्ये दक्षिण कॅरोलिनात कंबाही नदीवरच्या छाप्यात तिने सैन्याला वाट दाखवली. ७०० हून अधिक गुलाम सुटले. तिला आधी पेन्शन मिळाली ती सैनिकाची विधवा म्हणून, महिना ८ डॉलर. १८९९ मध्ये ती २० डॉलर झाली, तीही परिचारिका म्हणून. छाप्याचा हिशेब कुणी केलाच नाही.