आपल्या पिकअपची निगा



जुनी गाडी विकून नवी घ्या, असं काहीजण प्रेमानं सुचवतात. मला ते पटत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला दवाखान्यात आणायला आपली फोर व्हील पिकअप पुरेशी आहे. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे भाग तेवढे धड हवेत.

तापलेलं डिफरन्शिअल ओढ्यात एकदम थंड झालं की आत पाणी ओढून घेतं. ऑईल दुधाळ होतं, गिअर झिजतात. म्हणून ब्रीदरची नळी उंच नेऊन बांधायची, पावसाळाभर ऑईल बघायचं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरायचं. बोईसरच्या कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही, ट्रान्स्फर केसवर ताण येतो. (चालकांना हौस फार!)

क्लचप्लेट मात्र जूनआधी बदलायलाच हवी. यंदाचं अर्पण त्यासाठी मागतो आहे.