विद्यार्थ्याचा प्रामाणिकपणा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रसमडा येथील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्काराला बोलावलेल्या वक्त्याने अभिनंदन करावे, यशाची गुरुकिल्ली सांगावी आणि चहाची वेळ सांभाळावी, असा संकेत आहे. अभिनंदन आम्ही मनापासून करतो. गुरुकिल्ली मात्र आमच्यापाशी नाही. आज आम्ही एका जुन्या अपराधाविषयी बोलणार आहोत, आणि तो अपराध आमचा स्वतःचाच आहे.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आम्हांस साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे. पुस्तकातले उत्तर होते 981. आमचे उत्तर काही केल्या तिथवर पोहोचेना. तेव्हा वर्गात बहुतेक सारे जे करीत तेच आम्हीही केले. उत्तर आधी लिहिले आणि उलटे गणित मांडून निरीक्षणांचे रकाने भरले. जर्नल मोठे देखणे झाले. सरांनी ते चाळले आणि शांतपणे म्हणाले, "अहो, आपल्या अक्षांशावर अगदी निर्दोष प्रयोग केला तरी उत्तर 979 च्या खालीच यायला हवे. साऱ्या वर्गाचा लंबक 981 सांगतो आहे. तुम्ही मंडळींनी तो युरोपात नेऊन टांगलात की काय?"

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून विषुववृत्ताकडे हे त्वरण थोडे कमी भरते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु उत्तर आयते हाती आल्यावर त्या ज्ञानाचा उपयोग करण्याचे कारणच उरले नव्हते.

येथे बसलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांची हयात पोलादात गेली आहे. त्यांना 'हीट नंबर' म्हणजे काय, हे सांगावयास नको. रसमड्यावरून मुंबई-हावडा मार्गाची गाडी धडधडत जाते. भिलाईत घडलेल्या रुळाच्या अंगावर कारखान्याचे नाव असते, साल असते आणि तो रूळ पोलादाच्या कोणत्या घाणीतून आला त्याचा क्रमांक असतो. उद्या रूळ तडकला, तर त्या क्रमांकावरून मागे मागे जात दोषाचे मूळ शोधता येते. विद्यार्थ्याच्या वहीलाही असाच क्रमांक हवा. हे वाक्य कोठून घेतले, हा आकडा कोणी मोजला, हा विचार कोणाचा, हे लिहिलेले असावे. घेणे हा दोष नव्हे. सारी विद्या घेतलेलीच असते. कोठून घेतले ते लपविणे हा दोष.

गोपाळ कृष्ण गोखले ह्यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेल्या गणिताबद्दल शिक्षकांनी शाबासकी दिली, तेव्हा तो मुलगा रडू लागला. ही आख्यायिका असेलही. पण पुढे ह्याच गोखल्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले, ही गोष्ट खरी आहे. आणि 1897 साली जे घडले ते तर आख्यायिकेहून कठीण आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात गेले होते. पुण्याच्या प्लेगात गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांना पत्रांतून कळले, आणि त्यांनी ते तेथील 'मँचेस्टर गार्डियन' पत्रात जाहीर केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना. तेव्हा त्यांनी उघडपणे माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना बोल लावले, आणि त्या माफीबद्दल आजही मतभेद आहेत. आम्हांस मात्र त्यात एक अभ्यासक दिसतो: जे सिद्ध करता येत नाही ते, किंमत मोजूनही, मागे घेणारा.

ह्याहून जुने उदाहरण पैठणचे आहे. ज्ञानदेवांनी आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारीत चाललो, असे ग्रंथातच कबूल केले होते. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकलाकारांच्या हातून फिरता फिरता त्या ग्रंथात भलतेच पाठ शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी तो शुद्ध केला. नाथ स्वतः थोर कवी. एखादी ओवी आपली घातली असती, तर कोणाला कळले असते? त्यांनी उलट ताकीद लिहून ठेवली की, असे करणे म्हणजे अमृताच्या ताटात रिकामी करवंटी ठेवणे होय.

आता नियमांचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असेल, तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांना एक वर्षाची बंदी, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. पण श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर ह्या मोजणीत धरीत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आता तर मागाल तो निबंध क्षणात लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्याकडून समजून घेण्यास आमची हरकत नाही, मात्र शिक्षकांनी परवानगी दिली असेल तेवढेच घ्यावे, आणि घेतले तसे लिहावे.

पालकांसही एक विनंती आहे. घरापासून दूर आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांची सारी भिस्त मुलांच्या गुणपत्रिकेवर असते, हे आम्ही जाणतो. म्हणून मग शाळेचा प्रकल्प आई करते, सजावट बाबा करतात आणि नाव तेवढे मुलाचे! त्यापेक्षा त्याचे वाकडेतिकडे चित्र तसेच जाऊ द्यावे.

ते जर्नल सरांनी आम्हांस पुन्हा लिहावयास लावले. ह्या वेळी झोके खरोखर मोजले. उत्तर आले 969, आणि तेच आम्ही भीतभीत लिहिले. सरांनी खाली तांबड्या शाईने एकच ओळ लिहिली: "दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली आहे."