पाचोऱ्याचा फलाट आणि आर्डुइनो

जळगांवहून जामनेरास आगगाडीनें जाणाऱ्या उतारूला, २०२० सालीं ती छोटी गाडी थांबेपर्यंत, पाचोऱ्यास गाडी बदलावी लागे. मुख्य मार्गाचे रूळ साडेपांच फुटांचे, जामनेरच्या ५६ किलोमीटरांच्या मार्गाचे अवघे अडीच फुटांचे. उतारू तोच, गांठोडें तेंच; पण एका गाडीचीं चाकें दुसरीच्या रुळांवर चालत नसत, म्हणून मधें फलाट.

संगणक आणि सेन्सर यांची अडचण हीच आहे. हिवाळ्यांत पारा दहा अंशांखालीं उतरूं लागला कीं रावेर-यावलकडील केळी-बागाइतदाराचा जीव टांगणीला लागतो. बागेंतलें तपमान मोजणारा सेन्सर बोटाच्या पेराएवढा. पण तो संगणकास जोडावा कोठें? संगणकाला द्वार यूएसबीचें, आणि सेन्सर बोलतो आय-टू-सी नांवाच्या बसवर. बस म्हणजे अनेक भागांनीं मिळून वापरावयाचा तारांचा मार्ग, एस. टी. शीं तिचा कांहीं संबंध नाहीं. फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढलेल्या या पद्धतींत तारा दोनच: एकीवर मजकूर, दुसरीवर घड्याळाचे ठोके. प्रत्येक भागास स्वतःचा पत्ता असतो. पत्ता पुकारला कीं ज्याचा असेल त्यानें ओ द्यावयाची.

मध्यस्थीचीं तयार उपकरणें बाजारांत मिळतात. परंतु जळगांव-धुळ्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या खणांत आर्डुइनो ऊनो बोर्ड बहुधा आधींच पडलेला असतो. आर्डुइनोचा जन्म २००५ सालीं इटलींतील इव्रेया येथें विद्यार्थ्यांसाठींच झाला. त्यांत एवढाच प्रोग्रॅम भरावा: संगणकाकडून आलेले बाइट बसवर ठेवणें, आलेलें उत्तर परत पोंचविणें. अंशांचें गणित संगणकानेंच करावें. मग उद्यां सेन्सर बदलला तरी बोर्डाला हात लावावा लागत नाहीं.

खरा घात व्होल्टेजांत आहे. ऊनो ५ व्होल्टांचा, पुष्कळसे सेन्सर ३.३ व्होल्टांचे. तारा तशाच जोडल्या तर सेन्सर कदाचित् महिनाभर बोलेल, आणि ऐन थंडीच्या रात्रीं मुका होईल. मधें लेव्हल शिफ्टर हवाच. त्याच्या दोन्ही बाजूंस पुल-अप रेझिस्टरहि हवेत, कारण या बसवर जो तो तार फक्त खालीं ओढतो. ती वर नेण्याचें काम रेझिस्टरचें.

शिवाय या तारा मुळांत एका पेटींतील भागांसाठीं योजिलेल्या. बागेच्या टोकापर्यंत त्या ओढूं नयेत. बोर्ड सेन्सरजवळच ठेवावा व पुढचा पल्ला आरएस-४८५ कडे सोंपवावा. त्याच्या तारा सावकाश वेगानें बाराशें मीटरांपर्यंत निरोप नेतात; मात्र दोन्ही टोकांस त्याचा स्वतंत्र जोड लागतो.